‘आम्ही पाहिले’ : दांपत्याच्या युरोपदर्शनातील कर्ता

१

प्रवासवर्णनाची चर्चा मराठीत बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. वर्णिलेल्या स्थळाची माहिती कितपत यथार्थ आहे, हा पहिला प्रश्न. आणि वर्णन करणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व त्या माहितीवर कितपत उमटले आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नास महत्त्व देणारे प्रवासवर्णनाला इतिहास-भूगोलाच्या शेजारी बसवितात. दुसऱ्यास महत्त्व देणारे त्याला ललित गद्याच्या पंक्तीस घेतात. वाद जुना आहे आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी समर्थनीय आहे. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे, ती ही की पाहणारा एकच असतो. ‘वस्तुनिष्ठ’ आणि ‘आत्मनिष्ठ’ या जोडीतील ‘आत्मा’ व्याकरणदृष्ट्या एकवचनी आहे, आणि समीक्षेनेही त्यास एकवचनीच ठेविले आहे.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. युरोपातील शहरे पाहावयास निघालेला मराठी प्रवासी पुष्कळदा पत्नीसह किंवा पतीसह निघतो. निवृत्तीनंतर सहल कंपनीबरोबर दोन आठवड्यांत पाच-सहा देश पाहून येणारी जोडपी, मुलाकडे अगर मुलीकडे परदेशी गेले असता तेथून पॅरिस, रोम, व्हेनिस करून येणारी जोडपी आणि क्वचित स्वतःच्या हिमतीवर आगगाडीने फिरणारी जोडपी, यांनी लिहिलेल्या वृत्तांतांची संख्या आज लहान नाही. दिवाळी अंकांतून, ज्ञातिसंस्थांच्या मुखपत्रांतून आणि स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकांतून हे लेखन विखुरलेले आहे. समीक्षक त्याला हलकेफुलके म्हणून बाजूस सारतात. ते पुष्कळ अंशी कंटाळवाणे आहे हे खरेच. पण ते कंटाळवाणे का होते, याचे उत्तर लेखकाच्या अंगी प्रतिभा नाही एवढेच देऊन भागत नाही. त्या कंटाळ्याचा एक भाग मराठी वाक्यरचनेत दडलेला आहे, आणि त्यातून सुटण्याची वाटही त्याच वाक्यरचनेत आहे, असे दाखविता येते.

२

या प्रकारच्या लेखनातील नित्याचे वाक्य घ्यावे. नमुन्यादाखल रचिलेला हा एक उतारा पाहा : “सकाळी आम्ही नोत्र दाम पाहिले. दुपारी लूव्रमधील चित्रे पाहिली. संध्याकाळी आयफेल मनोरा पाहिला आणि रात्री नावेत बसून सेन नदी पाहिली.” चार वाक्ये, चार क्रियापदे आणि धातू एकच. परंतु क्रियापदाचे रूप तीन वेळा पालटले : पाहिले, पाहिली, पाहिला, पाहिली. ही रूपे कोणी पालटविली? पाहणाऱ्यांनी नव्हे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) शाळेतल्या व्याकरणापर्यंत ज्यास कर्मणी प्रयोग म्हणतात, त्याचे हे उदाहरण होय. सकर्मक धातूच्या भूतकाळी क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. नोत्र दाम नपुंसकलिंगी म्हणून ‘पाहिले’, चित्रे अनेकवचनी असल्याने ‘पाहिली’, मनोरा पुल्लिंगी म्हणून ‘पाहिला’, नदी स्त्रीलिंगी म्हणून ‘पाहिली’. पाहणारे एक होते की दोन, पुरुष होता की स्त्री, याची दखल क्रियापद घेत नाही. तृतीयपुरुषी कर्त्याला निदान ‘ने’ हा प्रत्यय तरी लागतो. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांना तोही लागत नाही. पुढे तर ‘आम्ही’ हा शब्दच गळून पडतो, आणि चारांपैकी तीन वाक्यांत तो गळलाच आहे.

म्हणजे स्थलदर्शनाची यादी देणारे मराठी वाक्य स्वभावतःच दृश्याच्या स्वाधीन असते. पाहिलेली वस्तू क्रियापदास वळविते आणि पाहणारा मागे राहतो. याच्या उलट “आम्ही पुलावर थांबलो”, “आम्ही वाट चुकलो”, “आम्ही थकलो”, “आम्ही हसलो” ही वाक्ये कर्तरी आहेत. त्यांत क्रियापद कर्त्याशी बांधलेले आहे. ‘थांबलो’ एवढे म्हटले तरी थांबणारा हरवत नाही. दर्शनाचे वाक्य कर्मणी आणि सहवासाचे वाक्य कर्तरी, असा एक ढोबळ भेद येथे करता येईल.

या भेदाला अपवाद आहेत, आणि ते अपवाद बोलके आहेत. शिकणे, विसरणे, समजणे, पिणे, बोलणे असे काही धातू कर्म असतानाही भूतकाळी कर्तरी राहू शकतात. “मी एक शब्द शिकलो”, “मी छत्री विसरले”, “आम्ही कॉफी प्यालो.” पाहिलेले चित्र क्रियापदास आपल्याकडे ओढून घेते, शिकलेली, विसरलेली, प्यालेली गोष्ट तसे करीत नाही. जी क्रिया कर्त्याच्या अंगात काही बदल घडविते तिच्यात भाषा कर्त्याला सोडीत नाही, असे या गटातील बहुतेक धातूंकडे पाहून वाटते. हा नियम म्हणून मांडता येणार नाही, कारण खाणे हा धातू या गटात बसत नाही. परंतु समीक्षकाला सूचना म्हणून तो उपयोगी पडावा. पॅरिसमध्ये काय काय पाहिले याची यादी कितीही लांबविली तरी तीत पाहणारा दिसेलच असे नाही. तेथे काय शिकलो आणि काय विसरलो, हे सांगू लागताच तो दिसू लागतो.

दुसरे असे की हा परिणाम पूर्ण भूतकाळाचा आहे. “मी मनोरा पाहिला” या वाक्यावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. “मी मनोरा पाहत होते” असे म्हटले की ते कळते, कारण अपूर्ण काळातील रचना कर्तरी आहे. पाहणे चालू असेपर्यंत पाहणारी व्यक्ती वाक्यात उभी असते. पाहणे संपले की ती बाहेर पडते आणि पाहिलेली वस्तू तेवढी मागे उरते. सहलीचे वृत्तांत जवळजवळ सगळेच्या सगळे पूर्ण भूतकाळात लिहिले जातात. कार्यक्रमपत्रिकेवर एकेक खूण करीत जावे तसे ते ‘पाहिले’ ‘पाहिले’ असे पुढे सरकतात.

ही यादी काही मराठी माणसाने निर्माण केलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. कार्ल बेडेकर याने १८२७ साली कोब्लेन्झ येथे आपले प्रकाशनगृह काढले. लंडनच्या जॉन मरे याची हॉलंड, बेल्जियम व ऱ्हाइनकाठ यांवरील मार्गदर्शिका १८३६ साली निघाली. टॉमस कुक याने १८४१ साली लेस्टरहून लफबरोपर्यंत आगगाडीची पहिली सहल नेली आणि १८५५ साली युरोप खंडात पाऊल टाकले. काय पाहण्याजोगे आहे आणि त्यातही काय अवश्य पाहावे, हे प्रवासी घरातून निघण्यापूर्वीच ठरविण्याची व्यवस्था या मंडळींनी सिद्ध केली. बेडेकरच्या पुस्तकातील तारांकित स्थळे पाहणे हा त्या काळच्या प्रवाशाचा नेमच होऊन बसला होता. आजची सहल कंपनी त्याच परंपरेत आहे. फरक एवढाच की इंग्रजी किंवा जर्मन वाक्यात कर्ता निदान क्रियापदाच्या पुढे उभा असतो. मराठीत ती यादी आली आणि तिला कर्मणी प्रयोग आयताच मिळाला.

३

आता ‘आम्ही’ या शब्दाकडे वळावयास हवे. संस्कृतात द्विवचन होते. दोघांसाठी ‘आवाम्’ आणि बहुतांसाठी ‘वयम्’ असा भेद तेथे करता येई. प्राकृतांत द्विवचन लोपले आणि मराठीलाही ते मिळाले नाही. त्याऐवजी मराठीला एक निराळा भेद मिळाला : ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘आपण’. हा भेद संस्कृतात नाही, हिंदीच्या प्रमाणरूपातही नाही. द्राविड भाषांत मात्र तो आहे. भारताचे एक भाषिक क्षेत्र म्हणून एमेनो यांनी १९५६ साली जो विचार मांडला, त्याच्या अनुषंगाने या भेदाची चर्चा पुढे बरीच झाली आहे. येथे प्रश्न त्याच्या उगमाचा नाही, वाङ्मयीन परिणामाचा आहे.

दांपत्याच्या वृत्तांतात ‘आम्ही’ हा शब्द दोन कामे एकाच वेळी करतो. वाचकाच्या बाजूने पाहिले तर तो दार लावून घेणारा शब्द आहे : गेलो ते आम्ही, तुम्ही नव्हे. पाहुण्यास बसवून सहलीची छायाचित्रे एकामागून एक दाखविली जात असता त्याची जी अवस्था होते, ती या ‘आम्ही’च्या बाहेर उभ्या असलेल्या वाचकाची होते. आणि दांपत्याच्या बाजूने पाहिले तर तो दोघांतला फरक पुसून टाकणारा शब्द आहे. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत स्त्री-पुरुष भेद दिसतो. ‘आम्ही गेलो’ यात तो दिसत नाही. एकट्याची कर्तरी रचना जे राखून ठेवते, ते अनेकवचनाची कर्तरी रचना सोडून देते. कर्मणी प्रयोगातून सुटून कर्तरीत आलेली पत्नी ‘आम्ही’त पुन्हा अदृश्य होते. ‘आम्ही थकलो’ असे लिहिणाऱ्याने कोण आधी थकले हे सांगण्याची जबाबदारी टाळलेली असते.

मग दोघांचे म्हणून जे काही असते, ते मराठीत सांगावयाचे कसे? ‘आम्ही दोघे’ असे म्हणून संख्या सांगता येते, पण ‘दोघे’ हा आकडा आहे, नाते नव्हे. खरे द्विवचन मराठीत निराळ्या ठिकाणी सापडते, ते म्हणजे दोघांच्या संभाषणात. “आपण उद्या परत येऊ या” असे एकाने दुसऱ्यास म्हटले की त्या ‘आपण’मध्ये नेमकी दोन माणसे असतात : बोलणारा आणि ऐकणारा. वाचकाला उद्देशून योजिलेले ‘आपण’ आणि जोडीदारास उद्देशून योजिलेले ‘आपण’ यांचे रूप एकच. म्हणून वृत्तांतात संभाषण आले की वाचकही त्या ‘आपण’च्या उंबरठ्याशी येऊन बसतो. ज्या वृत्तांतात दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, त्यात दांपत्य नावाची वस्तूच नसते. एका कुटुंबातील दोन प्रवासी तेवढे असतात.

संभाषणाबाहेर एकाने दुसऱ्याचा उल्लेख कसा करावा, याचेही मराठीचे स्वतःचे संकेत आहेत. जुन्या चालीप्रमाणे पत्नी पतीचे नाव घेत नाही. ती ‘हे’ म्हणते. पती ‘ही’ म्हणतो. दोन्ही दर्शक सर्वनामे जवळच्या वस्तूची आहेत, आणि ‘हे म्हणाले’ एवढ्यावरून वाचक नाते ओळखतो. परंतु ‘हे’ आदरार्थी अनेकवचनी आणि ‘ही’ एकवचनी. तसेच समोरासमोर ‘तुम्ही’ आणि ‘तू’. पिढ्या बदलल्या, अनेक घरांत आता दोन्ही बाजूंनी ‘तू’ चालते आणि नावेही घेतली जातात. तरी लिहिताना जुना संकेत पुष्कळांच्या हातून आपसूक पाळला जातो. यात एक गंमतीचा योग आहे. स्त्रीने स्वतःविषयी लिहिलेले ‘मी थकले’ आणि पतीविषयी लिहिलेले ‘हे थकले’ यांतील क्रियापदाचे रूप एकच आहे. व्युत्पत्ती निराळ्या, पण कानाला दोघांची थकवणूक सारखीच लागते. पुरुषाच्या वृत्तांतात ‘मी थकलो’ आणि ‘ही थकली’ अशी दोन रूपे वेगळी राहतात. स्त्रीच्या लेखनात सर्वनाम गाळले तर कोण थकले हे कळणार नाही. म्हणजे मिसळून जाण्याचा धोका स्त्रीच्या वृत्तांतासही आहे, फक्त त्याचे स्थान निराळे आहे.

४

हा सगळा व्याकरणाचा काथ्याकूट झाला, याचा वाङ्मयाशी काय संबंध, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर देण्यासाठी दोन युरोपीय उदाहरणे घेणे इष्ट आहे. कारण त्यांत एकाच प्रवासाच्या एकाहून अधिक साक्षी उपलब्ध आहेत.

पहिले उदाहरण शेली दांपत्याचे. २८ जुलै १८१४ रोजी पर्सी शेली, मेरी गॉडविन आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर क्लेअरमाँट ही तिघे लंडनहून निघाली. कॅलेपर्यंतचे समुद्रातील वादळ, पॅरिस, तेथून पायी निघण्याचा हट्ट, ओझ्यासाठी आधी गाढव व मग खेचर, त्या वर्षीच्या युद्धात उद्ध्वस्त झालेली फ्रान्सची खेडी, पुढे स्वित्झर्लंड, पैसे संपल्यामुळे ऱ्हाइनवरून नावेने परतीची वाट, आणि १३ सप्टेंबरला पुन्हा इंग्लंडचा किनारा, असा हा सहा आठवड्यांचा प्रवास. मेरी तेव्हा सोळा वर्षांची होती. सतरावा वाढदिवस तिला वाटेतच आला. या प्रवासाचे पुस्तक १८१७ साली निघाले, ते लेखकाच्या नावाशिवाय. प्रस्तावनेत लेखिका आपल्या पती व बहिणीसह गेली होती असा निर्देश आहे. वस्तुतः १८१४ साली मेरी त्याची पत्नी नव्हती. त्यांचा विवाह १८१६ च्या डिसेंबरअखेर झाला. ही प्रस्तावना पर्सीने लिहिली असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे पती पत्नीच्या आवाजात बोलतो आणि तेथे दोघे पतिपत्नी म्हणून उभी राहतात. मूळ रोजनिशीचा आरंभ पर्सीच्या हातचा, नंतरचे लेखन मेरीचे. पुस्तकातील पत्रांपैकी काही तिची, काही त्याची.

इंग्रजीच्या ‘आम्ही’त वगळणे-सामावणे हा भेद नाही, तेव्हा त्या पुस्तकातील अनेकवचन मराठीहूनही संदिग्ध आहे. तरी ते पुस्तक निर्जीव होत नाही. त्याचे कारण त्याच्या ‘आम्ही’ला मधून मधून भेगा पडतात. त्रुआच्या वाटेवर पर्सीचा पाय मुरगळला, आणि खेचरावर त्यास बसवून दोघी पायी चालल्या. पाय एकाचाच मुरगळतो. तेथे अनेकवचन चालत नाही. आणि या तिघांपैकी तिसरीची, क्लेअरची, स्वतःची रोजनिशी १९६८ साली छापून प्रसिद्ध झाली, तेव्हा पुस्तकातील ‘आम्ही’ हे खरोखर किती जणांचे होते, हा प्रश्न वाचकांपुढे नव्याने आला. मुद्रित पुस्तकात दांपत्य होते. प्रवासात तीन माणसे होती.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जॉन रस्किन याचा व्हेनिसच्या वास्तुकलेवरील त्रिखंडात्मक ग्रंथ १८५१ ते १८५३ या काळात निघाला. त्यासाठी तो व्हेनिसमध्ये दोनदा दीर्घ काळ राहिला. १८४९-५० च्या हिवाळ्यात आणि पुन्हा १८५१-५२ मध्ये. दोन्ही वेळा पत्नी एफी बरोबर होती. ऑस्ट्रियाविरुद्धचे व्हेनिसचे बंड १८४९ च्या ऑगस्टात शरणागतीने संपले होते. शहर वेढ्यातून नुकते बाहेर पडले होते. रस्किन सकाळपासून स्तंभ, कमानी व शिल्पे मोजीत आणि रेखाटीत असे. एफी घरी पाठविलेल्या पत्रांत भेटीगाठी, मेजवान्या, ऑस्ट्रियन अधिकारी आणि व्हेनिसमधील कुलीन घराणी यांविषयी लिहीत असे. विवाह १८५४ साली रद्द ठरला. एफीची पत्रे मेरी लुटियन्स यांनी संपादित करून १९६५ साली प्रसिद्ध केली, म्हणजे ग्रंथानंतर शतकाहून अधिक काळाने.

रस्किनचा ग्रंथ वास्तुविचाराचा आहे, प्रवासवर्णन नव्हे. त्यात पत्नीचा उल्लेख नाही म्हणून त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. मुद्दा एवढाच की दोघे एकाच शहरात, एकाच निवासात राहिली आणि दोघांनी दोन व्हेनिस पाहिली. एकाच्या व्हेनिसमध्ये दगड बोलतात, दुसरीच्या व्हेनिसमध्ये जिंकलेले आणि हरलेले लोक एका दिवाणखान्यात यावे की न यावे, याचा विचार करतात. १९६५ पर्यंत सामान्य वाचकास यांतील एकच व्हेनिस ठाऊक होते. दोघांच्या प्रवासातील दुसरे पाहणे असे हरवू शकते. ते सापडले हा अपवाद. पत्रे जपली गेली म्हणून ते सापडले. मराठी घरांतून अशी किती पत्रे जपली गेली असतील, याची कल्पना करता येते.

५

मराठीतील स्थिती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ग्रंथांच्या नावांपासूनच आरंभ करावा. विष्णुभट गोडसे यांच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताचे नाव ‘माझा प्रवास’. चुलते सोबत असूनही सर्वनाम एकवचनी. पंडिता रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ (१८८३) हे पत्ररूप लेखन पतिनिधनानंतरचे. तेथे बोलणारी स्त्री एकटी उभी आहे. नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांच्या पुस्तकाचे नाव मात्र ‘आमचा जगाचा प्रवास’ (१९१५). लेखणी एका स्त्रीची असून नावात ‘आमचा’ आहे. मीना प्रभू यांचे ‘माझं लंडन’ हे नाव त्यापुढे ठेवले की शतकभरात सर्वनामाने केवढे अंतर कापले ते ध्यानी येते. केवळ नावांवरून ग्रंथांची योग्यता ठरत नाही. परंतु बाईने ‘माझे’ म्हणावे की ‘आमचे’, हा प्रश्न लेखिकांपुढे होता एवढे त्यांवरून दिसते.

पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हे पत्नीसमवेत केलेल्या युरोपप्रवासाचे मराठीतील सर्वांत लोकप्रिय पुस्तक होय. त्याच्या यशाचे श्रेय सहसा विनोदाला दिले जाते. ते योग्यच आहे. पण तो विनोद वाक्यरचनेच्या अंगाने काय करतो हेही पाहिले पाहिजे. तेथील ‘मी’ हा पुष्कळदा चुकणारा, बावरणारा, संकोचणारा ‘मी’ आहे. ही सारी क्रियापदे अकर्मक, म्हणून कर्तरी. स्वतःची थट्टा करणाऱ्या लेखकास कर्मणी प्रयोगाच्या आड लपता येत नाही. यादीचे गद्य आणि ‘अपूर्वाई’चे गद्य यांतील अंतर केवळ प्रतिभेचे नसून कर्त्याला वाक्यात उभे ठेवण्याच्या तयारीचेही आहे. तथापि तो कर्ता एकच आहे. सहप्रवासिनी पुस्तकात आहे, पण ती कथनाचा विषय म्हणून आहे; कथन तिचे नाही. तीस वर्षांनी, १९९० साली, सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्या सहप्रवासिनीला स्वतःची नजर आणि स्वतःचे वाक्य किती धारदार आहे, हे मराठी वाचकांना कळले. आत्मकथनावरून प्रवासवर्णनाचा पाडाव करणे ही पद्धती नव्हे. दोन्हींचा काळ निराळा, हेतू निराळा. परंतु १९६० च्या पुस्तकात एका पाहण्याबरोबर आणखी एक पाहणे चाललेले होते, ही जाणीव ठेवून ते पुन्हा वाचणे आज अटळ झाले आहे.

येथे विरोधी बाजूचा विचार करणे न्यायाचे होईल. कोणी म्हणेल की दीर्घ सहवासात दोघांचे पाहणे खरोखरच एक होऊन जाते. ‘आम्ही पाहिले’ हे लपविणे नसून कमावलेले ऐक्य आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. चाळीस वर्षांच्या संसारानंतर प्रथमच परदेशी गेलेल्या जोडप्याच्या ‘आम्ही’त एक कृतज्ञता असते, आणि तिला व्याकरणाच्या तराजूत तोलणे अरसिकपणाचे ठरेल. परंतु ऐक्य कमावलेले असेल तर ते कसे कमावले हे दिसावयास हवे. “आम्हांला व्हेनिस आवडले” हे वाक्य चतुर्थीचे आहे. आवडणे कोणी करीत नाही, ते होते. आणि ते ज्याचे त्यास होते. दोघांस एकच गोष्ट आवडली असे सांगण्यासाठी प्रथम एकास आवडली, मग दुसऱ्यास विचारले आणि त्यासही आवडली, असा मार्ग आक्रमावा लागतो. “मला पूल आवडला, हिला पुलाखालची बाजारातली बाई आवडली, संध्याकाळी खोलीवर आल्यावर मलाही ती बाईच आठवू लागली” असे कोणी लिहिले तर त्यातील ऐक्य विश्वसनीय वाटेल, कारण ते भेदातून आलेले आहे. यादीतील ‘आम्हांला’ तसा मार्ग आक्रमून आलेले नसते.

या लेखनाला आज एक निराळेही निकडीचे परिमाण आले आहे. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामला आग लागली आणि एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक याने उभारलेले शिखर कोसळले. पुनर्बांधणी होऊन ७ डिसेंबर २०२४ रोजी ते मंदिर पुन्हा उघडले. त्यापूर्वी ते पाहून आलेल्या मराठी जोडप्यांच्या वृत्तांतांस त्या संध्याकाळी वास्तविक मोल यावयास हवे होते. पूर्वीचे छत, पूर्वीचा अंधार, पूर्वीचा वास पाहिलेल्यांची ती साक्ष होती. परंतु ‘नोत्र दाम पाहिले’ एवढीच साक्ष असेल तर ती देण्यासाठी पॅरिसला जाण्याची आवश्यकता नव्हती. इमारतीची मापे आणि सनावळी कोठेही मिळतात. आत शिरताना दोघांपैकी कोण आधी गप्प झाले, कोणाला आपल्या गावच्या देवळाचा गाभारा आठवला, कोण दारातच थांबले आणि का, हे दुसरे कोणी सांगू शकत नाही. दांपत्याच्या वृत्तांताची माहिती म्हणून असलेली किंमत दिवसेंदिवस घटत आहे. साक्ष म्हणून असलेली किंमत तशी घटलेली नाही, मात्र ती साक्ष दिली गेली पाहिजे.

तेव्हा या लेखनाकडे पाहताना समीक्षकाने काही साधे प्रश्न विचारावेत. कर्मणी आणि कर्तरी वाक्यांचे प्रमाण काय आहे? पूर्ण भूतकाळाखेरीज दुसरा काळ लेखक योजितो काय? ‘आम्ही’ केव्हा फुटतो, आणि फुटल्यावर ‘हे’ किंवा ‘ही’ यांना स्वतःचे क्रियापद मिळते की केवळ उल्लेख मिळतो? दोघे एकमेकांशी बोलतात काय? ‘आवडले’ ही चतुर्थी कोणाची आहे? या प्रश्नांची उत्तरे मोजता येण्याजोगी आहेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यास एखाद्या दशकातील दिवाळी अंक घेऊन ती काढता येतील. त्यातून श्रेष्ठ वाङ्मय हाती लागेल असे नाही. परंतु एकाच प्रवासाच्या दोन रोजनिश्या, किंवा पतीचे छापील पुस्तक आणि पत्नीची बहिणीस लिहिलेली पत्रे, अशी एखादी जोडी कोणाच्या कपाटात मिळाली तर तिचे मोल ओळखण्याची तयारी या अभ्यासाने होईल. एफीची पत्रे छापली जाण्यास शंभर वर्षे लागली. मराठी घरांतील कागद तेवढा काळ टिकत नाहीत. घर बदलताना रद्दीत जाणाऱ्या गठ्ठ्यांत ते प्रथम जातात. ते तपासण्याचे काम भाषेच्या विभागांचे आहे, आणि ते आताच हाती घ्यावयास हवे.